भीमराज म्हणे

मुलुंडच्या हनुमानपाड्यात गुणाजी भुवडला कोणी कवी म्हणत नाही. तिथे तो 'फौजी', नाहीतर 'टॉवरवाला वॉचमन', नाहीतर अक्षताचा बाप. त्याच्या स्वतःच्या शक्तीवाल्या मंडळात त्याला बुवा म्हणतात खरे, पण म्हणताना तोंड जरा वाकडं करतात, कारण गेल्या पंचवीस वर्षांत बुवांनी सामना जिंकल्याचं कोणाला आठवत नाही. बुवा गण म्हणणार, गवळण म्हणणार, आणि समोरच्या शाहिराची सालटी काढायची वेळ आली की घसा खाकरून पाणी मागणार. शक्ती-तुऱ्यात असं करून कसं चालेल?

ज्याने शक्ती-तुरा पाहिला नाही त्याला थोडं सांगायला हवं. कोकणातल्या जाखडी नाचाचा हा सामना. एका बाजूला शक्तीवाले, ते म्हणणार देवी मोठी. दुसऱ्या बाजूला तुरेवाले, ते म्हणणार शंकर मोठा. पोरं पायात चाळ बांधून गोलात नाचतात, मध्ये शाहीर बसतो, आणि दोन्हीकडचे शाहीर आळीपाळीने गाण्यातून सवाल टाकतात, जवाब देतात आणि एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढतात. पूर्वी हे गणपतीत गावच्या खळ्यात चालायचं. आता घाटकोपर-बोरिवलीच्या नाट्यगृहांतही चालतं, तिकीट लावून. गाण्याच्या शेवटच्या ओळीत कवीचं नाव यायलाच हवं. त्या नावावरून गाणं कोणाचं ते ठरतं, आणि गाणं कोणाचं यावरून खुर्च्या फेकल्या जातात. शक्तीवाला तुऱ्याचं गाणं म्हणत नाही, लिहिणं तर सोडाच. मंडळं ज्या गोष्टी कधीच माफ करत नाहीत त्यात ही पहिली.

गुणाजीच्या मंडळाला पंचवीस वर्षं ज्या गाण्यांनी धूळ चारली, ती शाहीर भीमराज गोताड यांची. तुरेवाले, तालुका संगमेश्वर, कारगिलच्या लढाईत कामी आलेले. दर गणपतीच्या आधी त्यांच्या जुन्या वहीतलं एक गाणं बाहेर यायचं. तुरेवाल्यांनी ते म्हटलं की सभागृह डोक्यावर घ्यायचे लोक, आणि समोर बसलेल्या गुणाजीच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. फुटणार कसा? ते गाणं त्यानेच लिहिलेलं असायचं. सवालही त्याचा, जवाबही त्याच्या खिशात, आणि तो आपला ढिम्म बसून हरायचा. घरी येऊन मंडळाच्या पोरांच्या शिव्या खायचा.

हे कशापायी, ते ऐका. दोघे एकाच मराठा पलटणीत होते. गुणाजी हवालदार, भीमराज त्याच्याहून नऊ वर्षांनी धाकटा, लान्स नाईक. एक शक्तीवाला आणि एक तुरेवाला एकाच पलटणीत आल्यावर काय व्हायचं ते झालं. कारगिलला वरच्या ठाण्यावर भीमराज आणि खालच्या ठाण्यावर गुणाजी, मध्ये टेलिफोनची तार. संध्याकाळी तोफा जरा गप्प झाल्या की दोघांचा तारेवर सामना लागायचा. मधल्या ठाण्यांवरची पोरं गुपचूप फोन कानाला लावून ऐकायची. सुभेदारसाहेबही ऐकायचे, आणि ऐकलं नाही असं दाखवायचे. तिथे जीव मुठीत धरून बसलेल्या माणसांना तेवढाच विरंगुळा होता.

आता खरं सांगायचं तर भीमराजला गाणं जुळवता येत नव्हतं. आवाज खणखणीत, हौस दांडगी, पण ओळ एक लांब तर दुसरी आखूड, आणि तिसऱ्या ओळीत कुठूनतरी बैल यायचा. गुणाजी त्याला धुऊन काढायचा. त्या दिवशी संध्याकाळी तर कहर केला त्याने.

चार घरं ओलांडून तुझं नाव कोण घेईल रं,
भीमराजा, तुझ्या गाण्याला कोण कान देईल रं?

तारेवर सगळी ठाणी हसली. भीमराजही हसला. म्हणाला, "बुवा, उद्या जवाब देतो, रात्रभर बसतो." दुसऱ्या दिवशी सकाळी गोळा पडून तार तुटली. तार जोडायला माणूस पाठवायचा हुकूम गुणाजीने द्यायचा होता. भीमराजची पाळी होती, त्याने वायरलेसवर वरच्या ठाण्याला सांगून भीमराजला पाठवलं. यात गुणाजीची काही चूक नव्हती. साहेबांनी तसं सांगितलं, सुभेदारांनी सांगितलं, त्याला स्वतःलाही कळत होतं. दुपारी त्याला वर जाऊन ओळख पटवावी लागली. त्यानंतर बर्फात दोन दिवस काढताना त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली.

इस्पितळात पडल्या पडल्या त्याने गवळण रचली. शेवटच्या ओळीत 'गुणाजी म्हणे' यायला हवं होतं, आणि त्याचा हात चालेना. चार घरं ओलांडून नाव कोण घेईल, असं तो त्या पोराला म्हणाला होता. त्याने 'भीमराज म्हणे' लिहिलं. मग ते तुरेवाल्यांच्या मंडळाला धाडून दिलं, त्याच्या वहीत सापडलं म्हणून. पुढल्या वर्षीच्या गणपतीत संगमेश्वरापासून मुंबईपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते गाणं झालं. गुणाजीला जरा बरं वाटलं. म्हणून त्याने त्याच्या पुढच्या वर्षी दुसरं लिहिलं, आणि मग दरवर्षीची ती रीतच पडली.

लढाईने त्याचं गाणंच बदलून टाकलं होतं. उंचावर दम लागायची सवय छातीत राहिली, त्यामुळे त्याच्या ओळी आखूड झाल्या. नाचणाऱ्या पोरांना त्या आवडायच्या, कारण धाप लागत नाही. त्याच्या गाण्यात कोणी कोणाला हिणवत नाही. कृष्ण खोड्या काढतो, दही खातो, पण गोवर्धन कधी उचलत नाही. पंचवीस गाण्यांत एकही डोंगर नाही. पंधरा ऑगस्टला सोसायटीवाले त्याला माईकवर बोलवायचे, "फौजी, एखादी वीररसाची होऊन जाऊ द्या." तो म्हणायचा, "आठवत नाही साहेब," आणि गेटवर जाऊन उभा राहायचा. गाणी तो गेटवरच्या रजिस्टरच्या मागल्या पानांवर लिहायचा. मॅनेजरने एकदा ती पानं फाडायला लावली होती.

आणि भीमराजची खरी वही? ती गुणाजीकडेच होती, ट्रंकेच्या तळाला. तिच्यात तीनच गाणी होती. तीनही अशी, की छापली तर मेलेल्या माणसाचं हसं व्हायचं. गुणाजीने ती कोणाला दाखवली नाहीत.

असा हा माणूस बासष्ट वर्षांचा झाला. बायको चार वर्षांपूर्वी गेली, नोकरी सुटली, पाय थंडी नसतानाही ठणकतो. दरवर्षी जुलै उजाडला की तो कोरं पान समोर घेऊन बसायचा, आता नवीन काय लिहायचं म्हणून. दुसऱ्याचं नाव जगवणं सोपं काम नाही. गुणाजी दमला होता. गेल्या वर्षीचं गाणं त्याने दोन महिने घासलं आणि तरी ते त्याला शिळं वाटलं.

म्हणून ह्या मे महिन्यात एका रविवारी सर्वेश त्याच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याला सुटल्यासारखंच वाटलं. सर्वेश तुरेवाल्यांच्या मंडळाचा सेक्रेटरी, कुरियर कंपनीत नोकरीला, चळवळ्या पोरगा. हातात छापील कागदांची चळत.

"बुवा, झकास झालंय बघा. शाहीर भीमराज यांची पंचवीस गाणी! जुलैमध्ये प्रकाशन, घाटकोपरला. प्रमुख पाहुणे तुम्ही."

"पंचवीस म्हणजे सगळी," गुणाजी म्हणाला. "वही संपली आता."

"हो, तेच. आता पुस्तकात आली की झालं. पण यार बुवा, एक वाट लागलीय. वारसाची सही लागते. सुगंधावहिनी सही करत नाहीत. तीनदा गेलो असल्फ्याला. चहा पाजतात, कागद वाचतात आणि परत देतात. कारण सांगत नाहीत. तुमचं ऐकतील. तुम्ही दर दिवाळीला जाता ना?"

सुगंधा म्हणजे भीमराजची बायको. भीमराज गेला तेव्हा तेवीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं, मूल नाही. नंतर घाटकोपरजवळ असल्फ्याला येऊन राहिली, शाळेत शिपाई म्हणून लागली. दर दिवाळीला गुणाजी फराळाचा डबा घेऊन तिच्याकडे जायचा, मान खाली घालून चहा प्यायचा आणि दहा मिनिटांत उठायचा.

"जातो मी," तो म्हणाला. सर्वेश फॉर्म आणि कागद ठेवून गेला.

अक्षता त्याची मुलगी, लग्न होऊन भांडुपला असते, रविवारी बापाला भाजी आणून देते. ती भाजी निवडता निवडता कागद चाळत होती. हात थांबला तिचा.

"बाबा, हे माझ्या गणिताच्या वहीच्या मागे होतं."

"काय?"

"हे. दळण दळताना राधा. मी सातवीत होते. बाईंनी सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं, ही राधा कोण गं, म्हणून. अक्षर तुमचं होतं. आणि हे दुसरं, हे आईला म्हणून दाखवलं होतं तुम्ही, मी अंथरुणात जागी होते." तिने पानं उलटली, एकामागून एक. "बाबा, ही सगळी तुमची आहेत?"

गुणाजीने पानं तिच्या हातातून घेतली आणि पालथी घातली.

"वेडे आहात का तुम्ही? लोक तुम्हाला फुसका शाहीर म्हणतात! सर्वेशला फोन लावा आत्ताच्या आत्ता."

"नको."

"उद्या तुम्ही गेलात तर काय राहणार मागे तुमचं? टॉवरचा वॉचमन, एवढंच?"

"तेवढं पुरे आहे गं," गुणाजी म्हणाला. "दमलोय मी. ही एक सही झाली की सुटलो."

ती रागावून गेली. ती गेल्यावर मात्र त्याने कागद जवळ ओढले. किती सुरेख छापलं होतं. प्रत्येक ओळ आपल्या जागी, भोवती पांढरी जागा. त्याला वाटलं, खोटं कशाला बोला, फार वाटलं, की ह्या पानांवर एकदा आपलं नाव बघावं. त्याने ते वाटणं गिळलं, कपडे बदलले आणि बाहेर पडला. जाताना काय मनात आलं कोण जाणे, ट्रंकेतली वहीही पिशवीत घातली. प्रकाशनात खऱ्या वहीचा फोटो लागेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

दुपारचे तीन वाजले होते. मेट्रोने असल्फ्याला उतरून टेकडीच्या पायऱ्या चढताना तो चारदा थांबला. सुगंधा दारातच होती. पन्नाशीला टेकलेली, केस अर्धे पांढरे, अंगावर शाळेचीच निळी साडी.

"या भावोजी. दिवाळी नाय, काय नाय, आज कसे?"

"असंच. सर्वेश आलेला."

"वाटलंच." तिने पाणी दिलं, पंखा वाढवला आणि समोर बसली. "सही कर म्हनून सांगायला आलात."

"पुस्तक चांगलं होतंय वैनी. भीमराजचं नाव होईल."

"कागदावर कैलासवासी लिवलंय त्याला."

गुणाजीला काही उमगेना. "पेन्शनच्या कागदावर पन तसंच होतं."

"तवा मी तेवीस वर्षांची. सासरा म्हनाला कर सही, मी केली. पेटी आली ती बंद. उघडू नका म्हनाले. मी तोंड बघितलं नाय त्याचं." ती उठली, दार लोटून घेतलं, आणि अगदी त्याच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "भावोजी, मी कुनाला सांगनार नाय. इतकी वर्षं नाय सांगितलं. तो कुटं हाय?"

"कोन?"

"मला फसवू नका."

तिने पलंगाखालून पत्र्याचा डबा काढला. त्यात वहीच्या पानांवर उतरवलेली गाणी होती, तिच्या स्वतःच्या हातची, प्रत्येकावर साल घातलेलं. नवीन गाणं आलं की ती मंडळाच्या पोरांकडून उतरवून घ्यायची. तिने दोन पानं वेगळी काढली.

"ही गवळन बघा. गळ्याएवढं पानी, म्हशी वाहून गेल्या, गाडीत मानसं बुडाली. दोन हजार पाच. तो पाऊस कदी पडला? त्याच साली. आनि हे." तिने दुसरं पान त्याच्या मांडीवर ठेवलं. बघायची गरज नव्हती, गुणाजीला पाठ होतं.

दारावरून गेली गाडी, वाट आता नाही लांब,
भीमराज म्हणे राधे, दिवा लावूनिया थांब.

"दोन हजार चौदा," सुगंधा म्हणाली. "त्या साली आमच्या दारावरून मेट्रो सुरू झाली. नव्व्यान्नव सालच्या वहीत मेट्रो कशी आली, भावोजी?"

गुणाजीने ते पान हळूच डब्यात परत ठेवलं. सामन्यात चालू घडामोडींची एखादी ओळ टाकली की टाळी पडते, एवढं साधं कारण होतं त्याला. आदल्या दिवाळीत तिच्याकडे आला तेव्हा मेट्रोचे खांब पाहिले होते, ते डोक्यात राहिले होते. मंडळाच्या पोरांनी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, जुनंच आहे, मी जरा आजचं करून दिलं. पोरांना पटलं. हिला कोणी काही सांगितलंच नव्हतं, आणि हिनेही कोणाला विचारलं नव्हतं.

"मी जानलं," ती सांगत होती. "पयल्याच वर्षी जानलं. तो तिकडून सुटला असंल. पळाला म्हनून सरकार धरील, म्हनून लपला असंल कुटंतरी. आनि तुमच्या हातून गानी धाडतो. तुमी दिवाळीला येता, बोलत नाय, मान वर करत नाय. मला वाटायचं, ह्यांच्याकडं निरोप हाय, पन बोलायची चोरी. मी पन नाय विचारलं. उगाच त्याला धरला तर? आता पुस्तकात कैलासवासी म्हनून सही केली, आनि उद्या तो दारात आला, तर त्याला काय सांगू?"

पंखा गरगरत होता. गुणाजीला अजूनही एक वाट मोकळी होती. मला काही ठाऊक नाही वैनी, असं म्हणून त्याला उठता आलं असतं. तिचं वाट बघणं तसंच चालू राहिलं असतं, कदाचित तिच्या मरणापर्यंत. पण ते खोटं उचलायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

"वैनी, ती गानी मी लिवलीत."

ती हसली. "तुमी? तुमी तर शक्तीवाले."

"सगळी. पयल्यापासून."

"देवीची आन घ्या."

त्याने घेतली. शक्तीवाला देवीची खोटी शपथ घेत नाही, हे तुरेवाल्याच्या बायकोलाही ठाऊक होतं. तिच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं, नुसतं राहिलं, त्यात काही उरलं नाही.

"मग तो?"

मग गुणाजीने सांगितलं. जे त्याने एकाही गाण्यात घातलं नव्हतं, बायकोला सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. आदल्या संध्याकाळच्या दोन ओळी, सकाळी तुटलेली तार, कोणाची पाळी होती ते. दुपारी तो वर गेला ते. "नुसता डावा हात होता वैनी. त्याच्यावर फूल गोंदलेलं, आनि तुमचं नाव. मार्लेश्वराच्या जत्रेत गोंदून घेतलेलं ना त्याने? मीच सांगितलं साहेबांना, हा भीमराज म्हनून. पेटी उघडू नका, हेही मीच लिवून घेतलं."

सुगंधा बराच वेळ डब्यातली पानं नीट रचत बसली. कडेला कडा लावत होती.

"दोन हजार दोनला माझ्या भावाने स्थळ आनलेलं," ती म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, राग नव्हता, नुसता थकवा होता. "ठान्याचा मानूस. त्याची पन बायको गेलेली. चांगला होता. घरी आला, हितंच बसला. तवा तुमची तीन गानी येऊन झालेली. मी नाय म्हटलं. त्याला आता दोन पोरी हायत, मोठी इंजिनेर झाली."

गुणाजी खाली वाकला. त्याचं डोकं जमिनीला लागलं.

"सव्वीस वर्षं तुमी मला विधवा होऊ दिलं नाय, भावोजी."

भीमराजचं नाव चार घरांपलीकडे नेण्याच्या नादात त्या पहिल्याच घरात काय चाललंय ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. आपण मोठा त्याग करतोय असंच त्याला वाटत आलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"उठा," ती थोड्या वेळाने म्हणाली. "पाय दुखतात ना तुमचे. उठा." आणि मग, जरा थांबून, "मला वाटायचं, तिकडं र्‍हाऊन लिवायला शिकला. आदी एवढं चांगलं कुटं जमायचं त्याला."

"नाय जमायचं," गुणाजी म्हणाला.

"त्याने केलेलं काय नायच का?"

त्याने पिशवीतून वही काढली. ओलसर जागी राहून पानं पिवळी पडली होती. "तीन हायत. वैनी, बरी नायत."

"म्हना."

"चालीत बसत नाय."

"तशीच म्हना."

पहिल्या गाण्यात भीमराजने शंकराला नमन केलं होतं, गुरूला केलं होतं, मग गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना, पोस्टमनला आणि शेवटी सर्जा बैलाला. दुसऱ्यात सवाल होता, पण तो अर्ध्यावर सोडून दिलेला. सवयीने गुणाजीच्या जिभेवर दुरुस्त केलेली ओळ येत होती. त्याने ती मागे सारली आणि लंगडी ओळ लंगडीच म्हटली. तिसरी गवळण होती. त्याचा दम पुरेना, म्हणून थांबत थांबत म्हटली.

राधा माझी संगमेश्वराची, पिठी करते कुळथाची,
मीठ पडतं जास्त तिचं पण मी बोलत नाही काही कारण ती मग रुसते,
भीमराज म्हणे सुट्टीला येतो, पिठी ठेव.

ह्या ओळीवरून पलटणीत आठवडाभर त्याची थट्टा चालली होती. राधा कधी पिठी करते काय रे, म्हणून गुणाजीनेच ती सुरू केली होती.

सुगंधाच्या तोंडून एकदम हसू बाहेर पडलं. "मीठ जास्त नव्हतं! त्यालाच अळणी लागायचं." ती हसतच होती. "आनि रुसायची म्हने मी. एकदा रुसले होते, एकदाच." मग तिने वही त्याच्या हातातून घेतली आणि त्या अक्षरावरून बोट फिरवलं. "हा असाच होता. हे त्याचं हाय." आणि मान वर करून विचारलं, "हे मला का नाय दिलंत?"

"वाईट होतं म्हनून."

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"पुस्तकात ही तीन घाला," ती म्हणाली. "बाकीच्यावर तुमचं नाव लिवा. ज्याचं त्याला. मग सही करते."

गुणाजीने मान डोलावली. आता शक्तीवाले त्याला फितूर म्हणणार, तुरेवाल्यांचा शाहीर जाणार, सर्वेश डोक्याला हात लावणार. ते सगळं उद्याचं होतं. तिने वही डब्यात ठेवली, त्याने लिहिलेल्या गाण्यांची पानं बाहेर काढून त्याच्या पिशवीत घातली, आणि दोरीवरचं सुकलेलं पातळ ओढून काढलं.

"तुमी जरा भायेर बसा भावोजी."

"कशाला?"

"बातमी आज कळली ना मला," सुगंधा म्हणाली. "डोक्यावरून पानी घेते."

तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. आपल्याकडे माणूस गेल्याचं उशिरा कळलं तरी कळल्या दिवशी आंघोळ करावी लागते, हे त्याला ठाऊक होतं. आत मोरीत बादली भरल्याचा आवाज आला. तिने एक तांब्या ओतला, मग दुसरा, मग बराच वेळ ओततच राहिली. पाणी थांबलं तेव्हा आतून रडणं ऐकू आलं, मोठ्याने, गावी बाया रडतात तसं. शेजारपाजारची दारं उघडली. कोण गेलं, कोण गेलं, म्हणून बायका गुणाजीला विचारू लागल्या.

"तिचा नवरा," गुणाजी म्हणाला.

"कधी?"

"आज."